लाभ धरून अकरा

आमच्या कवायतीच्या बाई बैठका मोजताना एकापासून सुरुवात करत नसत. पहिली बैठक झाली की म्हणत, "लाभ!" मग एक, दोन, तीन असे दहापर्यंत. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे मलाही माहीत आहे. पण खळ्यावर लाभानंतर दोन येतात. बाईंच्या मोजणीत लाभानंतर एक यायचा. फलटणकडच्या शेतकरी घरात वाढलेल्या बाईंना हे ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे?

गॅसची टाकी किती दिवस गेली याचीही मी नोंद ठेवतो. तरी हा फरक माझ्या ध्यानात यायला पाच महिने लागले.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा आठ वर्षांची होती. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ साठतो, खाल्लेले अंगी लागत नाही, घामातून मीठ फार जाते. तिच्या वजनाची रेघ माझ्या वहीत आडवीच चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, ताकदीचे व्यायाम सुरू करा, स्नायू वाढू देत. फिजिओथेरपिस्टने चिठ्ठीत लिहून दिले : बैठका आठ ते बारा, दम पाहून. मी मध्य काढला, दहा. तो वहीत लिहिला आणि त्यावर अडून बसलो. पोरगी खोकली की माझा जीव घाबरा व्हायचा आणि तोंडातून "बस!" निघायचे.

बाई साताऱ्यात आमच्याच गल्लीत राहायच्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. रोज सकाळी साडेसहाला येत, आधी साबणाने हात धूत. स्वतःला सर्दी असली तर फाटकाबाहेर उभ्या राहून तिथूनच हुकूम सोडत. मुक्ताला खोकला आला की मला म्हणत, "आवं, तोंड कशाला पाडताय? कफ सुटतोय. चांगली बातमी हाय!"

मी डंबेल आणायला निघालो, तर बाईंनी स्वयंपाकघरातून मिठाचे किलोकिलोचे दोन पुडे आणून मुक्ताच्या हातात दिले. "घामातनं मीठ जातंय न्हवं? मग हातात मीठच धर. पळून गेलेलं धरून आणल्यावानी वाटंल." वर गल्लीभर सांगत सुटल्या, "ही पोरगी रोज दोन किलो मीठ उचलती. लय खारट हाय!"

एके दिवशी मी कागदावर रेघा मारत बसलो. अकरा भरल्या.

"बाई, अकरा झाल्या."

"लाभ कुठं मोजत्यात व्हय?"

"खळ्यावर मोजतात."

"मग हे काय खळं हाय?"

मी चिडलो. "लहान पोरीला फसवता?"

बाई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "पोरीला न्हाई वो. तिलाच इचारा."

मुक्ता दोन्ही पुडे खांद्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही दहाला बस म्हणता ना, म्हणून."

त्या महिन्यात वजनाची रेघ पहिल्यांदा वर वळली होती. मला भांडायलाही जागा उरली नाही.

पुढे बाई लेकीकडे सांगलीला गेल्या. तिथेही त्यांनी याच आजाराची एक मुलगी शोधून काढली. अशा दोन मुलांनी एकत्र येणे बरे नाही, एकीचे जंतू दुसरीला बाधतात. म्हणून बाईंनी फोनच्या पडद्यावर तालीम भरवली, सातारा विरुद्ध सांगली. बाई दोन्हीकडे सांगत, "समोरची तुझ्या फुडं हाय!"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बाई गेल्याचा फोन आला. मी मुक्ताला म्हणालो, आज राहू दे. तिने फोन भिंतीला टेकवून उभा केला. पलीकडे सांगलीची पोर डोळे पुसत बसली होती. मुक्ता बैठकीत गेली, उठली आणि ओरडली, "लाभ!" तशी तीही उठली.

दहा झाल्यावर मुक्ता सवयीने माझ्याकडे बघून थांबली.

"चौदापर्यंत जा," मी म्हणालो.

"लाभ धरून, का सोडून?"

"सोडून."

फिजिओथेरपिस्टच्या नव्या चिठ्ठीत पंधरापर्यंत लिहिले होते. मी आधीच मोजून ठेवले होते.