डोंगराला भोकं पाडली तेव्हा

मला सरपंच कोणी केलं असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर एकच. आरक्षणाने केलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आमच्या ग्रामपंचायतीची सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली, आणि गावच्या जाणत्या मंडळींनी माझं नाव पुढे केलं. सातवीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी सून. कमी बोलते म्हणजे सांगू तिथे सही करेल, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, तानसाच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, मागे डोंगर, आणि डोंगराच्या खांद्यावर ठाकर आदिवासींचा पाडा. तोही आमच्याच पंचायतीत. डोंगर अभयारण्यात येतो. म्हणजे आमच्या बायांनी तिथून वाळलेली फाटी आणायची तरी आधी गार्ड कुठल्या बाजूला गेलाय ते बघायचं. हिरव्या झाडाला हात लावला तर कोयता जप्त. पाड्यावर रस्ता नाही, कारण अभयारण्यातून रस्ता काढता येत नाही. हे सगळं आम्ही ऊन-पावसासारखं धरून चाललो होतो.

त्या वर्षी भात झोडून झालं आणि गावात एक ट्रक आला. ट्रकवर बोअरचं मशीन, मागून एक जीप. हायवे रुंद होणार होता, त्याला दगड लागणार होता, आणि आमच्या डोंगराचा काळा दगड चांगला निघेल असं एका कंपनीला वाटत होतं. डोंगराचा तेवढा भाग अभयारण्यातून वगळायचा विचार वर कुठेतरी चालू होता. त्याआधी दगड किती खोल आहे ते बघायचं होतं. मशीनला जंगलातली वाट दाखवायला गार्डच पुढे चालत होता. वयस्कर माणूस, नोकरीची थोडी वर्षं राहिलेली. मी वाटेत भेटले तर खाली बघून म्हणाला, "वरून ऑर्डर आहे ताई."

मी वाट सोडून बाजूला झाले. 

मशीन महिनाभराहून जास्त चाललं. दिवसभर घरघर ऐकू यायची. पाइप दगडात जायचा आणि बाहेर काढला की त्यातून दगडाच्या गोल, लांब दांड्या निघायच्या, लाटण्यासारख्या गुळगुळीत. त्या लाकडी पेट्यांत ओळीने लावून ठेवायचं काम माझ्या पुतण्याला मिळालं. हा माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, बारावी होऊन घरी बसलेला. हे त्याचं पहिलं काम. संध्याकाळी घरी यायचा तो अंगभर दगडाची भुकटी घेऊन, पण चालायचा कसा, तर नवरदेवासारखा. माझ्या जावेला त्या दिवसांत मी कितीदा हसताना पाहिलं.

डोंगराच्या पायथ्याशी आमचा झरा आहे. विहिरी आटल्या की सगळ्या गावाचं पाणी तिथलं. मशीन चालू झाल्यावर एक दिवस झऱ्याला दुधासारखं पांढरं पाणी आलं. बाया हंडे घेऊन माझ्या दारात. मी त्यांना घेऊन वर गेले. तिथला फोरमन चांगला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "भुकटी मिसळली आहे, निवळेल." आणि चार-सहा दिवसांत पाणी खरंच निवळलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे भांडणं लागली तेव्हा कोणी म्हणे झरा नासला, कोणी म्हणे झऱ्याला काहीच झालं नव्हतं. झरा गढूळ झाला आणि निवळला. इतकंच झालं होतं.

मग कंपनीचे साहेब घरी आले. ग्रामसभेचा ना हरकत ठराव पाहिजे होता. चहा घेता घेता म्हणाले, "पोरांना काम मिळेल ताई. आणि पाड्यापर्यंत पक्का रस्ता आम्ही करून देऊ. तुम्हाला सरकार कधी देणार रस्ता?"

मी विचारलं, "आणि डोंगर?"

"डोंगर काय अख्खा जातोय थोडाच."

"मग केवढा जाईल?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "ते मागणीवर आहे," म्हणाले. खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता माझं माहेर मुरबाडचं. तिथे आमच्या गावाजवळ खडीचा क्रशर येऊन काही वर्षं झाली होती. मी विचार केला, माझ्या सांगण्याने काय होणार, लोकांनी डोळ्यांनीच बघावं. पौषात मुरबाडजवळ म्हशाची जत्रा असते, मोठा बैलबाजार. गावातली बरीच माणसं बैल बघायला, घोंगडी घ्यायला जातातच. मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, या वर्षी जीप करून जाऊ, आणि येताना माझ्या भावाकडे थांबू." दीर, जाऊ, गावातले चार-पाच शेतकरी, दोन बाया आणि मी, असे शेणव्यावरून मुरबाडकडे निघालो. जत्रेत दिवस गेला. दिरांना एक बैल फार आवडला होता, घ्यायचा नव्हता तरी तीनदा जाऊन त्याचे दात बघून आले.

परतताना भावाकडे थांबलो. भावाने शेतात नेलं. भात काढल्यावर वाल पेरला होता. वालाच्या पानांवर पिठासारखा थर. माझ्याबरोबरच्या बाईने एक पान पदराने पुसलं आणि खालचा हिरवा रंग दिसल्यावर पदर झटकला. माझी भावजय चहा आणेपर्यंत चारदा खोकली. क्रशरमागचा डोंगर एका बाजूने असा कापलेला, की लहानपणी मी जिथे करवंदं खाल्ली ती जागा मला हवेत शोधावी लागली. मला वाटलं, झालं, आता कोणाला काही सांगायला नको.

जीपमध्ये बसलो तसे दीर म्हणाले, "वहिनी, बरं झालं आणलंत. माझा तर विचार पक्का झाला."

मी म्हटलं, "माझापण."

"तुमच्या भावाचं घर बघितलंत? स्लॅबचं. दारात ट्रॅक्टर, खडी ओढायला. आळीत घरटी मोटरसायकल. आपल्यात कोणाकडं हाय?"

जीप शेणव्याला येईपर्यंत वाद चालला. एकाच शेतात उभे राहून आम्ही दोन वेगळ्या गोष्टी बघून आलो होतो. दिरांचं खोटं नव्हतं. घर स्लॅबचंच होतं. मी मात्र त्या प्रवासात दमले ती दमलेच. माणसाला डोळ्यांनी दाखवलं की पटतं, हा माझा समज तिथेच मोडला.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. एवढी माणसं मी सभेला कधी बघितली नव्हती. कंपनीचे साहेबही येऊन बसले होते. खालचे शेतकरी झऱ्याचं आणि धुळीचं बोलले. पोरं नोकरीचं बोलली. पाडा आमच्या बाजूने असेल, असं मी धरून चालले होते. डोंगर त्यांचाच, त्यावरची मोहाची फुलं, कंदमुळं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, सगळं त्यांचं. पाड्यावरची एक म्हातारी उठली. तिची सून बाळंतपणात अडली होती तेव्हा झोळीत घालून खाली आणताना वाटेतच गेली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मीही त्या दिवशी ओढ्यावर पाणी घेऊन उभी होते.

म्हातारी म्हणाली, "आमाला जंगल नका सांगू. आमी जंगलातच हाव. आमाला रस्ता सांगा. कोण देतो? हा साहेब देतो का तू देतेस?"

मी सरपंच होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "आजी, रस्त्यासाठी मी खेटे घालीन. पण मिळंलच असं नाय सांगू शकत."

"मंग हा बरा," ती साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली. "हा नक्की तरी सांगतो."



हात वर करायची वेळ आली. मला सगळ्यात शेवटी हात वर करता आला असता, नाहीतर करायचाच नाही असंही चाललं असतं. पण मी आधीच केला, ठरावाच्या विरोधात. डोंगर एकदा कापला की परत लावता येत नाही, रस्ता आज नाही तर दहा वर्षांनी होतो, असा माझा साधा विचार होता. दहा वर्षं कोणी वाट बघायची, हे मला त्याही वेळी कळत होतं. समोर दिरांचा हात दुसऱ्या बाजूने वर होता, त्यांच्या शेजारी पुतण्याचा. थोड्या हातांच्या फरकाने ठराव पडला. पाड्यावरची माणसं भांडली नाहीत. उठली आणि डोंगराच्या वाटेला लागली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी भिंतीला भिंत लागून दिरांचं घर. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जाऊ चुलीजवळून हळूच विचारायची, "मीठ हाय का गो?" तेवढंच. माझा नवरा कामावरून यायचा, दोन्ही ओट्यांकडे बघायचा आणि म्हणायचा, "तू बरोबर केलंस का चूक, मला विचारू नको. मला फक्त घरात आवाज पायजे." आवाज नव्हता, हीच तर तक्रार होती.

मशीन परत गेलं. कंपनी पुन्हा आली नाही. लोक म्हणतात आमच्या ठरावामुळे डोंगर वाचला. मला तशी खात्री कधीच वाटली नाही. वरच्या लोकांनी वगळायचा विचार सोडला असेल, दुसरीकडे स्वस्त पडलं असेल. आम्हाला कोणी सांगायला आलं नाही. हायवे मात्र रुंद झाला. त्याला दगड लागलाच, तो कुठून कुठून आला, माझ्या माहेरचा क्रशरही त्या वर्षांत दुप्पट झाला. राखी बांधायला गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "तुमचा डोंगर राहिला ना ताय? मंग झालं." रागाने नाही म्हणाला. हात धुवायला उठला, आणि मी राखीचं ताट घेऊन तशीच बसून राहिले.

मी रस्त्याच्या मागे लागले. शहापूरच्या कचेरीत किती वेळा गेले ते आठवत नाही, मोजलंही नाही. एका टेबलावर सांगायचे, जंगलाची परवानगी आणा. जंगलाच्या टेबलावर सांगायचे, आधी रस्त्याचा नकाशा आणा. बाकावर बसून बसून मला भिंतीवरचे डाग पाठ झाले. सरपंचपद गेलं तरी जात राहिले. त्या अवधीत पाड्यावरून अजून एक बाई झोळीतून आली. ती जगली, बाळ नाही जगलं. त्या दिवशी मी म्हातारीला तोंड दाखवायला गेले. तिने मला बसायला घोंगडी दिली.  निघताना तिने करटोलीच्या रानभाजीच्या चार वेली मुळासकट माझ्या ओटीत टाकल्या, म्हणाली, "लाव, घराजवळ येतात."

शेवटी मुरमाचा रस्ता झाला, ओढ्यापर्यंत. ओढ्यापलीकडे परवानगी नाही. तिथून वर अजून चालतच जायचं, पण जीप ओढ्यापर्यंत येते, म्हणजे अर्धी झोळी वाचली. म्हातारी त्याआधीच गेली होती.

पुतण्या भिवंडीला गोडाऊनमध्ये लागला. होळीला आणि गणपतीला येतो. एकदा मला म्हणाला, "काकी, त्या साहेबांनी मला सुपरवायझर केला असता. तसं बोलले होते." मी म्हटलं, "केला असता रे." तो म्हणाला, "पण मंग मी पण खोकलो असतो म्हणा," आणि हसला. ते माझं मन राखायला होतं का खरं, मला कळलं नाही. दीर आता बोलतात. कधी सुरू झाले ते लक्षात नाही. एका सकाळी म्हणाले, "वहिनी, तुमची गाय सुटलीय," आणि तिथून बोलणं चालू झालं.

परवा गावची आताची सरपंच माझ्याकडे आली होती. तरुण मुलगी, कॉलेज झालेली. जंगलाच्या कडेला कोणाला तरी सुट्टीच्या बंगल्यांचं मोठं काम करायचं आहे, ठराव मागतात. पोरांना काम देऊ म्हणतात.

"काकू, तुमी काय केलं असतं?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात मोबाइल, पायांत नव्या चपला, आणि डोळ्यांत अजून झोप पुरी झाल्याची टवटवी होती. 

"पाड्यावर आधी जा," मी म्हटलं. "सभेच्या आधी. त्यांना काय पायजे ते विचार, आपल्याला काय वाटतं ते नको सांगू."

"आणि?"

"आणि त्या दिवशी स्वयंपाक सकाळीच करून ठेव. सभा लांबते."

ती हसली. मी खरंच तेवढंच सांगू शकत होते.