साहेब हाय का?

वकिलाच्या ऑफिसात संध्याकाळची रिसेप्शनिस्ट म्हणून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. ते फोन करून, अपॉइंटमेंट घेऊन येतात! नव्वदच्या दशकात मी वाशीतल्या अशाच एका ऑफिसात होते. साहेब कलकत्त्याचे, मराठी शून्य. पहिल्याच दिवशी बजावलं, "वर्ड फॉर वर्ड!" म्हणजे अशील जे बोलेल तेच इंग्रजीत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

•

एकदा मी चहा घेत होते, म्हणून साहेबांनीच फोन उचलला. पलीकडे नेरूळ गावातला आमचा अशील हिराजी.

"साहेब हाय का?"

"हाय! हाय!" साहेब खूश.

"अरं, हाय का?"

"येस येस, हाय!"

"हाय तर मंग बोल ना!"

साहेबांनी फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, "व्हेरी पोलाइट पीपल!"

•

आमच्या ज्युनिअर वकिलाने जुईनगरच्या एका अशिलाच्या घरी निरोप ठेवला, "वहिनी, साहेबांना सांगा, शुक्रवारी त्यांची डेट आहे."

वहिनी म्हणाल्या, "कोणाबरोबर?"

शुक्रवारी ते गृहस्थ बायकोला घेऊनच कोर्टात आले. बिचाऱ्याला दुसरा इलाजच नव्हता!

•

तळोज्याच्या कारखान्याचे मॅनेजर तावातावाने आले. "सांगा तुमच्या साहेबांना, माझं डोकं फिरलंय!"

वर्ड फॉर वर्ड ना? "सर, हिज हेड इज रोटेटिंग."

साहेब घाबरले. पंखा फुल केला, लिंबूपाणी मागवलं, त्यांना सोफ्यावर आडवंच केलं. मॅनेजर भांडायचं विसरून घरी गेले.

•

हिराजीचं प्रकरण मात्र मला बघवत नव्हतं. तो आणि थोरला भाऊ बाळाराम, बापाचं एकच घर, एकच अंगण, आणि कित्येक महिने बोलणं बंद. घराची वाटणी कर, अशी नोटीस आम्ही हिराजीतर्फे बाळारामला पाठवली होती. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दावा दाखल व्हायचा होता, म्हणून त्या संध्याकाळी हिराजी सह्या करायला साहेबांच्या केबिनमध्ये बसला होता. एकदा कोर्टात उभे राहिले की हे दोघे जन्मात बोलणार नाहीत, असं मला वाटत होतं. जीव तुटत होता अगदी.

आणि दारात कोण? बाळाराम! हातात आमचीच नोटीस.

"ताय, विंग्रजी हाय. जरा वाचून दे."

"अहो दादा, ही आम्हीच पाठवलीये! तुम्ही तुमचा वकील करा."

"पत्ता तुमचाच हाय. मंग तुमच्याकडंच येनार ना!"

आता काय बोलणार, कप्पाळ! मराठीत वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकली.

"ह्ये सगलं हिरा बोलला?"

"हो."

"घरान तर त्याचं तोंड उघडत नाय!"

मी अडवायच्या आत त्याने केबिनचं दार ढकललं. आत हिराजी पेन उघडून बसलेला. बाळाराम उंबऱ्यावरच थांबला.

"हिरा, हाय का रं?"

साहेब ताडकन उठले. "हाय! हाय!"

हिराजी मान वर करेना. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"हाय, दादूस."

आणि दोघेही लहान पोरांसारखे रडायला लागले! साहेब पार गोंधळले. माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हॉट डिड दे से?"

वर्ड फॉर वर्ड सांगायचं. पदरचं काही नाही.

"सर," मी डोळे पुसत म्हटलं, "दे सेड हाय."