बैल पळतात, भाऊजी नुसते बसतात

आमच्या भाऊजींइतका स्तुतीला घाबरणारा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही. वैनगंगेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून त्यांचं गाव, त्यामुळे रानडुक्कर, अस्वल आणि वनखात्याचे साहेब या तिघांनाही त्यांनी समोरासमोर तोंड दिलेलं आहे. पण कुणी नुसतं "वा भाऊजी!" म्हटलं की हा धिप्पाड माणूस चपला शोधायला लागतो. जगात जे काही चांगलं होतं ते वस्तूंमुळे आणि जनावरांमुळे होतं, माणूस तिथे फक्त हजर असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. बिघडलं तर मात्र दोष माणसाचा. सायकल पंक्चर झाली तर म्हणणार, "मीच काट्यावून नेली, थे बिचारी का करन?" आणि वेळेवर पोचले तर सायकलीच्या सीटवर थाप मारून तिला सावलीत उभी करणार.

या तत्त्वज्ञानाचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या बहिणीला झाला. तिला आम्ही बाई म्हणतो. बाईच्या हातच्या पाटोडीच्या भाजीसाठी मी साकोलीहून गाडी काढून जातो. भाऊजी तीच भाजी दोनदा मागून घेतात, रस्सा बोटाने पुसून खातात आणि हात धुताना भाजीच्या पातेल्याकडे बघून गंभीरपणे म्हणतात, "गंज चांगला आहे हा." बाई एकदा कावून म्हणाली, "मंग त्या गंजासंगच लगन लावाचं होतं, मले कायले आनलं?" भाऊजींनी यावर खरोखरच विचार केला, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. गावातली एक मुलगी दहावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा सरपंचांनी सत्कार ठेवला आणि जुनेजाणते म्हणून भाऊजींना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते उठले, मुलीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पेन कोनता होता बेटी?" ती गोंधळली, पण तिने सांगितलं. "जपून ठेव त्याले," एवढं बोलून भाऊजी खाली बसले. मंडळी नाराज झाली. असलं भाषण कुणी ऐकलं नव्हतं.

आता गंमत अशी, की याच माणसाचं नाव आमच्या झाडीपट्टीत कौतुकाशिवाय घेतलं जात नसे. भाऊजी धुरकरी होते. धान कापून झालं की आमच्याकडे शंकरपट भरतात. शेजारी-शेजारी दोन सरळ धावपट्ट्या, दोन बैलजोड्या, त्यांना जुंपलेल्या दोन हलक्या छकड्या आणि प्रत्येक छकडीवर जोडी हाकणारा एक माणूस. तोच धुरकरी. भाऊजी हाकायचे ती जोडी तुमसरच्या एका राईस मिलवाल्या मालकाची. चांद्या आणि बिजल्या. हातात चाबूक नाही, बैलाला टोचायची तुतारी नाही. भाऊजी जिभेने टाळूवर एक बारीक टक् करायचे आणि ती जोडी अशी सुटायची की बघणाऱ्याचा श्वास पट्टीच्या शेवटी परत यायचा. जिंकल्यावर लोक हार घेऊन धावत, भाऊजी तो हार बैलांच्या गळ्यात घालून गर्दीतून निसटत. माईकवाला नाव पुकारू लागला की ते लांबूनच ओरडत, "बइलाइचं नाव घे गा! बइल पयते, मी नुसता बसतो."

माझं साकोलीला हायवेवर मोटारसायकलच्या पार्टचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी भाऊजी तिथे येऊन बसतात. एकदा टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली होती आणि माझ्या दुकानाबाहेर बसणारे दोघे मिस्त्री भांडणावर आले होते. तो जो गोरा पोरगा दर वर्षी चॅम्पियन होतो तो स्वतःच्या दमावर होतो की त्याच्या कंपनीच्या गाडीमुळे, हा वाद. एक म्हणे, मला ती गाडी द्या, मी पण पहिला येतो. दुसरा म्हणे, तुला दिली तर पहिल्या वळणावर भिंतीत घालशील. शेवटी निवाड्यासाठी भाऊजींकडे वळले. "गाडी," भाऊजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अन ते जुन्या सालची गाडी? तिचं का करते?" मिस्त्री म्हणाला, "दर साली नवीन येते ना काका. जुनीले कोन पुसते?" भाऊजी चहा तसाच ठेवून टीव्हीकडे बघत राहिले. मला वाटलं, शर्यत आवडली असेल.

पुढच्या बाजाराला ते आले ते एकदम खालावलेले. मालकाने मध्य प्रदेशातून नवी तरणी जोडी आणली होती. चांद्या-बिजल्या आता उताराला लागले होते, त्यांना विकायचं चाललं होतं. भाऊजींनी मालकाला हात जोडून सांगितलं की जिंकले ते त्यांच्या पायांनी, म्हातारपणी त्यांना गोठ्यातच राहू द्या. मालक काही वाईट माणूस नाही. तो प्रेमाने हसला आणि भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमी असल्यावर शेळ्या जुंपल्या तरी पट आपलाच. बइल कोनतेबी चालते, हात तुमचा पायजे."

"बाबू," भाऊजी मला म्हणाले, "माह्या नावावर माहे बइल इकून रायला तो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी वर्षं मी ज्याला विनय समजून हसत होतो ते काय होतं हे मला तेव्हा कळलं. श्रेय माणसाने घेतलं की जनावर बदलता येतं, हे या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तो ते कुणाला आपल्या अंगावर टाकू देत नव्हता. बाईला सांगितलं असतं तर तिने गंजाचा राग सोडला असता, असं मनात आलं.

मग भाऊजींनी आपला बेत सांगितला. मालकाच्या गावचा पट पुढच्या आठवड्यात होता. नव्या जोडीला घेऊन ते हरणार होते. भर पटावर, सगळ्यांच्या देखत. म्हणजे मालकाला कळेल की हाताने काही होत नाही, बैल ते बैल, आणि चांद्या-बिजल्या गोठ्यात राहतील. "जानूनबुजून हारनं पाप आहे का गा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही भाऊजी. पण तुमचं नाव जाईल." ते पहिल्यांदाच हसले. "जाऊ दे ना. त्यानंच तं सारी पीडा केली."

पटाच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. धानाच्या मोकळ्या बांध्यांत, म्हणजे कापणी झालेल्या शेतांत, माणूस मावत नव्हता. भाऊजी छकडीवर चढले, कासरे हातात घेतले. झेंडी पडली. शेजारची जोडी सुटली, आणि आमची मात्र पहिल्या उडीलाच मागे राहिली. भाऊजींनी कासरे ओढून धरले होते हे फक्त मला कळत होतं. लोक ओरडत होते, मी मनात देवाला म्हणत होतो, हरू दे रे बाबा. निम्मी पट्टी झाली असेल, तेवढ्यात डावा नवखा बैल भोंग्याच्या आवाजाला बिचकला आणि दोरीपलीकडच्या माणसांकडे वळला. तसाच गेला असता तर माणसं तुडवली असती आणि त्याचा पायही मोडला असता. भाऊजी पुढे झुकले. कासरा ढिला सोडला, उजव्याला आवरलं, डाव्याला सरळ केलं, आणि ते टक् झालं. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं तरी मला सांगता येणार नाही. मागे पडलेली ती जोडी शेवटच्या टप्प्यात अशी पळाली की शेजारचा धुरकरी मान वळवून बघतच राहिला.

लोकांनी भाऊजींना खांद्यावर घेतलं. ते लहान मुलासारखे रडत होते. माईकवाला म्हणाला, आनंदाश्रू आहेत, टाळ्या वाजवा, आणि लोकांनी वाजवल्या. मालकाने माईक हातात घेऊन भाऊजींच्या हातांबद्दल जे सांगितलं ते मला इथे लिहायचं नाही. गर्दी पांगल्यावर मी जवळ गेलो तर भाऊजी आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. "सावराले गेलो बाबू," ते म्हणाले, "अन सावरलं तं पयालेच लागले. हात आयकत नाई ना माहे."

चांद्या-बिजल्या पवनी तालुक्यात आसगावला एका शेतकऱ्याकडे गेले. भाऊजी त्यानंतर पटावर चढले नाहीत. मालकाची माणसं बोलवायला आली की हात दुखतात असं सांगून परत पाठवतात. या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ते अचानक म्हणाले, "मले आसगावले ने." मी मोटारसायकलवर घेऊन गेलो. बांधीत चिखलणी चालली होती. चांद्या-बिजल्या गुडघाभर चिखलात नांगर ओढत होते, सावकाश, मान खाली घालून. अंगाने बरे दिसत होते. शेतकरी कडेच्या धुऱ्यावर आमच्याजवळ तंबाखू मळायला आला. आम्ही कोण ते भाऊजींनी मला सांगू दिलं नाही. वाटसरू असल्यासारखं त्यांनी विचारलं, "कशी आहे गा जोडी?"

"लय गुनाची," तो म्हणाला. "मले तं हाकता बी येत नाई धड. तेच वयते, तेच थांबते. मी नुसता मांगं चालतो."

भाऊजींनी मान हलवली. किती वेळ हलवत राहिले. मी हळूच म्हटलं, "एकदा आवाज द्या ना भाऊजी. ओळखतील." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, आधी डोळे पुसले, मग तो तोंडावर घट्ट धरला.

"आयकलं तं पयतील ना गा," दुपट्ट्याआडून ते म्हणाले. "चिखल आहे. पाय मोडन."

बैल बांधीच्या त्या टोकाला जाऊन वळले, आमच्या अगदी समोरून गेले. भाऊजी तोंड दाबून उभे होते.