भूत काय म्हणालं ते अक्काला विचारा

अक्काशी भांडणं कुणाला जमायचं नाही. सातव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. मराठी, कानडी, दखनी, तिन्ही. कुणी तावातावानं तिच्या अंगणात आलं की हातातली चोळी खाली ठेवून ती म्हणायची, "सावकाश बोल बाई. वरडलं की तोंड वाकडं होतंय, मला कळंना." आता सावकाश भांडून बघा तुम्ही. तिसऱ्या वाक्याला आपलं आपल्यालाच हसू येतं. चोळी दंडात घट्ट झाली म्हणून मीही एकदा तणतणत गेले होते आणि तिच्या हातची शेंगाची पोळी खाऊन परत आले.

अफजलपूरच्या अलीकडं आमचं गाव, निजामाच्या राज्यातलं. अक्का शेजारच्या घरात एकटी राहायची आणि गल्लीभराच्या चोळ्या शिवायची. देवळाच्या ओट्यावर बसलेली पुरुषमंडळी काय बोलतात ते ती विहिरीपाशी उभी राहून आम्हाला सांगे. तिचं हे कसब कळल्यापासून गावातले कर्ते पुरुष तोंडासमोर उपरणं धरून बोलू लागले. ती म्हणायची, "मोठ्या आवाजाला भ्यायचं कामून? मला तर निस्ते दात दिसतात."

एका वर्षी कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपल्यावर सोलापूरचा एक सिनेमावाला बैलगाडीत यंत्र घालून आला. बोलपट अजून आमच्याकडं पोचले नव्हते. खेळ भुताचा होता. कुठल्याशा विलायती कादंबरीवरून काढलेला म्हणे, पण आपल्याकडं येईपर्यंत भूत नऊवारी नेसलं होतं. एक तरुणी मोठ्या घरात दुसरेपणावर येते आणि मेलेली पहिली बायको हातात दिवा घेऊन जिना उतरते, अशी गोष्ट. बायकांनी रात्रीचं बाहेर पडायचं नाही, म्हणून आमच्यासाठी भर दुपारी, जिनिंगच्या रिकाम्या गोदामात, खिडक्यांना तरटं लावून खेळ ठेवला. भुतं बाराला फिरतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा वेळेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची. आम्हाला वाचता कुठं येत होतं? सिनेमावाल्याचा एक माणूस ती गडगडाटी आवाजात वाचून दाखवायचा.

माझी धाकटी जाऊ रत्ना, करजगीची. तीसुद्धा दुसरेपणावर आलेली. लग्नाला सहा महिने झाले होते, आणि रिवाजाप्रमाणं गळ्यात मेलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक होता. ती गोदामातून परतली ती तापानं फणफणत. चार दिवस अन्नाला शिवली नाही. माळवदाच्या जिन्याकडं बोट करून म्हणायची, "ती उभी हाय तिथं. निघून जा म्हणायलीय मला."

सासूबाईंनी ठरवून टाकलं, "परवा गाडी जुंपा. माहेरी धाडा हिला. बरी झाली तर बघू." असं 'बघू' आमच्या गल्लीत आधी दोघींच्या वाट्याला आलं होतं, आणि दोघींपैकी एकीलाही परत कुणी आणलं नव्हतं. रत्ना मला पाठच्या बहिणीसारखी होती. मी रडत अक्काकडं गेले आणि सगळं सांगितलं.

अक्कानं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "मी बी पुढंच बसलते की. मला तर हसू यायलतं. तिला ऐकू आलं म्हणून भ्याली बघ ती."

ती तशीच उठून आमच्या घरी आली आणि उद्या दुपारी रत्नाला पुन्हा खेळाला नेते म्हणाली. सासूबाई कडाडल्या. अक्कानं हात जोडले, "सावकाश, काकू." सासूबाईंना एकेक शब्द सुटा करून बोलावं लागलं. "पहिली... माझ्या मांडीवर... गेली. ती खरंच आली असंल... तर?" इतके दिवस आम्ही ज्याला राग समजत होतो ती भीती होती. अक्का म्हणाली, "उद्या बघून येतो. मग परवा जुंपा गाडी."

दुसऱ्या दिवशी रत्नाला मधे घेऊन आम्ही अगदी पुढं बसलो. भूत जिना उतरू लागलं. वाचणारा गरजला, "ही जागा माझी आहे, निघून जा." रत्नानं माझं मनगट आवळलं. अक्कानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशा सपाट आवाजात सांगितलं, "तसं न्हाई म्हणायली ती. 'दिव्याचं तेल हातावर सांडतंय, लवकर आटपा' म्हणायलीय."

पडद्यावरचं भूत खरोखरच मनगट झटकत होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग नवरा छाती पिटत आला. "'मिशी सुटायलीय' म्हणतोय," अक्का म्हणाली, आणि गोदाम खदखदलं. "अक्का, आता काय? अक्का, ती म्हातारी काय म्हणायलीय?" बायका उठून उठून विचारू लागल्या. वाचणाऱ्याचा आवाज त्यात कुठल्या कुठं बुडाला.

भूत नव्या नवरीच्या पलंगाशी येऊन थांबलं, तेव्हा मात्र सगळ्या गप्प झाल्या. अक्का रत्नाकडं बघत हळूच म्हणाली, "जेवलीस का, म्हणून इचारायलीय."

रत्नाचा हात गळ्यातल्या टाकाकडं गेला. पडद्याकडं बघून ती म्हणाली, "न्हाई."

घरी आल्यावर तिनं दोन भाकरी खाल्ल्या. सासूबाई समोर बसून वाढत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. परवाची गाडी जुंपलीच नाही. उलट सासूबाईच मला घेऊन खेळाला निघाल्या. आठ दिवसांचा मुक्काम पंधरा दिवसांवर गेला, निंबर्ग्यापासून बायका गाड्या करून आल्या, आणि वाचणारा गडी दाराशी शेंगा फोडत बसला. जाताना सिनेमावाल्यानं अक्काला लुगडं नेसवलं. त्या दिवशी आमची गल्ली नुसती मिरवत होती.

पुढं बोलपट आले. अक्का एकदाच गेली आणि म्हणाली, "आता भुतं बी पाठ करून बोलायलीत. मजा न्हाई." रत्नानं घर, शेत, पाच लेकरं सगळं ताठ मानेनं सांभाळलं. कुणी घाबरलं की ती आधी ताट वाढते.

एक गोष्ट मात्र मी पुष्कळ वर्षं पोटात ठेवली होती. सासूबाईंबरोबर गेले त्या दिवशी मी नीट पाहिलं. पलंगाशी उभ्या राहिलेल्या त्या भुताची आमच्याकडं पाठ होती. ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता.

अक्काच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसून असे. आम्ही दोघी असलो की मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची. तसंच एके दिवशी विचारलं, "भुताची तर पाठ होती, अक्का."

ती हसली. हसताना तिला धाप लागली. "व्हय, भुताची पाठ होती," ती म्हणाली. "पण रत्नाचं तोंड होतं की माझ्याकडं. चार दिसांची उपाशी पोर. त्यावर दुसरं काय लिवलेलं असंल?"