सोमवारी काढलेले पैसे

माझे पैसे मी सोमवारी काढले आणि ताईला सांगितलं नाही. चूक माझी होती. घाईगडबडीत झाली नाही, समजून-उमजून केली.

त्या बाँड फंडात तिला मीच पैसे घालायला लावले होते. मी फोर्टमधल्या एका वित्त कंपनीत नोकरीला, त्यामुळे पैशाच्या बाबतीत घरात माझाच शब्द चाले. "एफडीसारखंच समज. अर्ज केला की दोन दिवसांत खात्यात," असं घोडपदेवला तिच्या खोलीत बसून मी ऐटीत सांगितलं होतं. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते ते.

फंडाने कंपन्यांना दिलेल्या कर्जाच्या कागदांना रोज गिऱ्हाईक मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. सगळेच एकदम पैसे मागायला आले की फंड आधी खपणारे कागद विकतो. पहिल्यांचं भागतं. मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला कुणी हात लावणार नाही असे कागद येतात. त्या सोमवारी या फंडातून मोठे लोक पैसे काढतायत अशी ऑफिसात कुजबुज ऐकली आणि मी गुपचूप अर्ज टाकला.

बुधवारी ताईचा फोन आला. "पेपरात कायतरी आलंय रे. काढू काय?"

"काही होत नाही. घाबरट लोक काढतात."

काढ म्हटलं असतं, तर माझा सल्ला चुकला हे कबूल करावं लागलं असतं. तेवढ्यासाठी.

शुक्रवारी फंडाने पैसे देणं बंद केलं.

भावोजी मला तेव्हापासून अहो-जाहो करू लागले. "या साहेब! दोन दिवस झाले काय हो तुमचे?" चाळीतल्या शेजाऱ्यांसमोर. एकदा तर ताईला म्हणाले, "चहा कशाला ठेवतेस? दोन दिवसांनी दे." ताई तीन मजल्यांचा जिना बसत बसत उतरायची. ते बघवेना, तेव्हा मी म्हणालो, "भावोजी, माझेही अडकलेत."

त्या खोटेपणाने मला वाचवलं. पुढे कुणी मला बोललं की ताईच त्याच्यावर धावून जायची. "त्याचे पण गेलेत. मुद्दाम केलं काय त्याने?"

पैसे हप्त्याहप्त्याने परत आले, पण ऑपरेशन दोन वर्षं लांबलं. तोवर दुसराही गुडघा गेला होता. ऑपरेशन होऊन ती घरी आल्यावर भेटायला गेलो, तर भावोजींनी चक्क खुर्ची पुढे केली. "बस रे. तुझे आले का सगळे?"

पुन्हा 'तू' म्हणाले, आणि मला बसवेना.

"माझे अडकलेच नव्हते," मी उभ्यानेच ताईकडे वळून म्हणालो. "मी सोमवारी काढले. बुधवारी तू विचारलंस तेव्हा ते माझ्या खात्यात जमा होत होते. तुला थांबवलं आणि वर खोटं बोललो. ताई, माझं चुकलं. मला माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही मला."