हेडसरांचे उतरते गुण

हेडसरांच्या हाती छापील कागद आला की ते आधी शुद्धलेखनाच्या चुका काढत. लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, काहीच सुटत नसे. श्रीवर्धनच्या शाळेतून ते केव्हाच निवृत्त झाले होते. खिशातलं लाल पेन मात्र नोकरीवरच होतं.

वादळात त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली आणि सर गप्प झाले. ओटीवर बसून नुसते उघड्या आभाळाकडे बघत. मी शेजारी आणि त्यांचा जुना विद्यार्थी. "नवी रोपं लावू या की, सर," असं म्हटलं तर म्हणाले, "लावू, आणि सुपारी खायला पुढच्या जन्मी येऊ." काकूंचा धीर सुटला तो वेगळ्याच कारणाने. "अरे, काल पत्रिकेत 'आशिर्वाद' ऱ्हस्व छापून आलं, तरी हे काही बोलले नाहीत!"

रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या निमित्ताने आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नऊ प्रश्नांचा कागद पुढे केला. झोप लागते का, भूक आहे का, कशात मन रमतं का. त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. सर ताठ बसले, आठ प्रश्न सोडवून कागद परत दिला.

"सर, नववा राहिला."

"तो ऐच्छिक आहे."

"नाही, सक्तीचा आहे."

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. सर खालच्या आवाजात म्हणाले, "येतो विचार. घरी हिला सांगू नका." काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी सरांचा हात धरला. बाईंनी मला बाहेर पाठवलं आणि दोघांशी बराच वेळ बोलल्या.

बाहेर येताच सर म्हणाले, "सत्तावीसपैकी एकोणीस. तेही अभ्यास न करता!"

"अहो, इथे नापास व्हायचं असतं," काकू रडता रडता हसल्या.

गोळ्या सुरू झाल्या, बाईंशी बोलणं सुरू झालं, आणि दर खेपेला तोच कागद. पुढच्या खेपेला एकच गुण उतरला. "तपासणी कडक आहे," सर कुरकुरले. त्यापुढच्या खेपेला त्यांनी सगळीकडे शून्य लिहून टाकलं. बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "रात्रभर कूस बदलत असतात." बाईंनी तो कागद फाडला आणि कोरा पुढे केला. "फेरपरीक्षा, सर. खरं लिहा." सरांना आयुष्यात पहिल्यांदाच कॉपी करताना कुणी पकडलं होतं. "खमकी आहे पोरगी," ते वाटभर कौतुकाने सांगत होते.

मग गुण खरेच उतरत गेले. एका खेपेला त्यांनी कागदावरच्या 'भुक'चा उकार दीर्घ केला, तेव्हा काकूंनी पदराने डोळे पुसले.

त्यानंतर चांगली काही वर्षं काढून सर गेल्या साली झोपेतच गेले. भेटायला येणाऱ्यांत मासळी विकणारी एक बाई होती. आमच्यापैकी कुणी तिला ओळखत नव्हतं. काकूंपाशी बसून ती म्हणाली, "माझा घरवाला गेल्यावर मी बाजारातच रडत बसायची. सरांनी मला दवाखान्यात नेलं. म्हणाले, घाबरू नको, पेपर सोपा हाय. मी म्हटलं, मला लिवता येत न्हाय. तर म्हणाले, तू खरं सांग, लिहितो मी."

काकूंनी तिला आत नेलं आणि चहा टाकला.