सासऱ्यांच्या कुंडीतला लसूण

रुखसानाभाभी दार न वाजवता आत आल्या आणि आईचा हात धरून उभ्या राहिल्या, तेव्हाच कळलं... त्यांच्या सासूबाई, आमच्या जुबेदाखाला, गेल्या. टेमघरच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. गच्चीवरची बाग त्यांची, आणि संध्याकाळपुरती माझीही.

मी फारशी बोलत नाही. लोक आधी मला बोलकं करायला बघतात, मग नाद सोडतात. खालांनी यातलं काहीच केलं नाही. आपल्या खुर्चीपासून हातभर लांब माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं, एवढंच. खालून कापड विणणाऱ्या लूमची खटखट यायची आणि आम्ही दोघी कुंड्यांकडे बघत बसायचो.

एकदा त्यांच्या मुलाने काश्मीरहून आयरिस नावाच्या फुलझाडाचा गड्डा आणला. फुलाच्या पाकळीवर केसाळ पट्टा असतो, म्हणून याला दाढीवाला आयरिस म्हणतात, असं मी मोबाइलवर वाचून सांगितलं. "दाढी? मग हे आमचे सासरे," खाला म्हणाल्या. नाव चिकटलं. सासऱ्यांचा गड्डा मातीवर उघडा हवा, त्याला ऊन हवं, पाणी बेताचं. कुंडी मोठी होती, तेव्हा सोबतीला काय लावायचं? मी वाचलं: लॅव्हेंडर, पिओनी, सगळी थंड मुलखातली फुलझाडं. "धामणकर नाक्यावर भाजीवाल्याला विचारून ये, ठेवत असेल," त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. मग चिनी गुलाब लावला, तर तो पसरून गड्ड्यावरच चढला. पुदिन्याला रोज पाणी लागायचं. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून लसणाच्या पाकळ्या आणून कडेने खोचल्या. पात सरळ वर गेली, कोणाच्या वाटेला न जाता. "शेजार असा पायजे, बाय. जवळ, पण अंगावर नाय."

फूल कधी आलं नाही. "सासरे हसले असते तर मलाच भीती वाटली असती," म्हणायच्या.

त्या गेल्यावर घरी माणसं येत राहिली. रोपांना पाणी घालणं सवाबाचं, पुण्याचं काम, म्हणून जो तो गच्चीवर जाऊन खालांच्या नावाने तांब्याभर पाणी घालायचा. इतक्या प्रेमाने ओतलेल्या पाण्याला नको कसं म्हणायचं... मी नुसती बघत राहिले. लसूण पिवळा पडला. गड्डा दाबून पाहिला, तर एका बाजूने मऊ लागला. खालांची नणंद तांब्या घेऊन वर आली, तेव्हा मी कुंडीसमोर जाऊन उभी राहिले.

"फुफी, याला पाणी नको. खाला घालत नव्हत्या."

"मग मी काय करू?"

"बसा ना इथे थोडं."

त्या खालांच्या खुर्चीत बसल्या. तांब्या मांडीवर तसाच धरून कितीतरी वेळ खालांबद्दल बोलत राहिल्या. मी ऐकत होते. ते मला येतं.

सडलेला भाग कापला, उरलेला गड्डा सुकवून पुन्हा लावला, कडेने नवा लसूण खोचला. आता मधोमध एक हिरवं टोक दिसतंय. स्टूल मी अजून तिथेच ठेवते, हातभर लांब. तिथून माझी सावली गड्ड्यावर पडत नाही.